भास्कराचार्य आणि हाताने काढलेला मॅट्रिक्सचा घात

बारावीचं वर्ष, नागपूरचा उन्हाळा, कूलरची घरघर. मी वहीत मॅट्रिक्सचे गुणाकार घोटत होतो. पहिल्या मॅट्रिक्सची आडवी रांग घ्या, दुसरीचा उभा स्तंभ घ्या, गुणा, बेरीज करा. उत्तर बरोबर यायचं. पण समोरासमोरचे आकडे सरळ का गुणायचे नाहीत, हे काही कळत नव्हतं. त्यात घात काढायला सांगितला की डोकं फिरायचं.

पुढे कळलं, ते बाराव्या शतकातल्या एका माणसामुळे. नागपूरहून मुंबईला जाताना चाळीसगाव स्टेशन लागतं ना, त्याच्या जवळच्या पाटण गावात त्याच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख आहे. तो माणूस म्हणजे भास्कराचार्य.

कोण होते भास्कराचार्य?

जन्म शके 1036, म्हणजे इ.स. 1114. त्यांनी आपलं गाव सह्याद्रीजवळचं विज्जलविड असं सांगितलंय. घरात ज्योतिषाची परंपरा, आणि वडील महेश्वर हेच गुरू. वयाच्या 36 व्या वर्षी, 1150 मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. लीलावती ही त्यांची मुलगी होती ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे, पण ती दंतकथा समजा. वयाच्या 69 व्या वर्षीही ते थांबले नव्हते. 1183 मध्ये त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. भास्कराचार्यांनी मॅट्रिक्स शोधली नाही. मॅट्रिक्सचं बीजगणित 1858 मध्ये इंग्लंडच्या आर्थर केली यांनी मांडलं. पण ‘बीजगणित’ मधली एक कृती आजच्या चौकटीत लिहिली, की ती मॅट्रिक्सचा गुणाकारच निघते.

कोडं काय होतं?

असे दोन पूर्णांक शोधा, की मोठ्याच्या वर्गातून लहान्याच्या वर्गाची दुप्पट वजा केली तर 1 उरेल. 3 आणि 2 घ्या: 9 − 8 = 1. जमलं! आता यावरून पुढची जोडी कशी काढायची?

628 मध्ये ब्रह्मगुप्तांनी याची युक्ती दिली होती. तिचं नाव भावना. ती भास्कराचार्यांनी पुढे वापरली. आजच्या पद्धतीने ती अशी दिसते:

[ 3  4 ]
[ 2  3 ]

डाव्या स्तंभात आपली जोडी, 3 आणि 2. उजवीकडे वर 2 ची दुप्पट आणि खाली पुन्हा 3. आता हिला हिनेच गुणा:

- पहिली रांग, पहिला स्तंभ: 3×3 + 4×2 = 17
- पहिली रांग, दुसरा स्तंभ: 3×4 + 4×3 = 24
- दुसरी रांग, पहिला स्तंभ: 2×3 + 3×2 = 12
- दुसरी रांग, दुसरा स्तंभ: 2×4 + 3×3 = 17

नवी जोडी 17 आणि 12. तपासा: 289 − 288 = 1.

आता माझ्या बारावीच्या हट्टाप्रमाणे 3×3 आणि 2×2 असं सरळ गुणून बघा. 9 आणि 4 मिळतात, आणि 81 − 32 = 49. कोडं मोडलं! आडवं-उभं गुणलं तरच तो 1 टिकतो. नियम कुणी उगाच लादलेला नाही, हे मला इथे पटलं.

घात काढायची सोपी वाट

चौथा घात हवा असेल तर तीनदा गुणायची गरज नाही. वर्गाचाच वर्ग करा. वर डावीकडे 17×17 + 24×12 = 577, खाली डावीकडे 12×17 + 17×12 = 408. 577 ला 408 ने भागा, 1.414215 येतं. 2 चं वर्गमूळ आहे 1.414213. सुरक्षित वेबसाइट उघडताना फोनमधलं एन्क्रिप्शनही प्रचंड मोठे घात असंच वर्ग करत करत काढतं.

आणि मग 61

भास्कराचार्यांनी दुपटीच्या जागी 61 पट घेतली. इथे साधी सुरुवातीची जोडी हाताला लागत नाही. त्यासाठी त्यांनी चक्रवाल पद्धत वापरली. ही पद्धत त्यांच्याआधी जयदेव यांनाही माहीत होती. तिने 39 आणि 5 मिळतात, पण बाकी −4 उरते. तिथून भावना वापरत गेलं की 29718 आणि 3805 येतात, बाकी −1. एकदा वर्ग केला की उत्तर:

1766319049 आणि 226153980.

यापेक्षा लहान उत्तर नाही (1 आणि 0 सोडून). 1657 मध्ये फर्मा यांनी हाच 61 चा प्रश्न युरोपातल्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला. भास्कराचार्यांनी तो 500 वर्षं आधी सोडवला होता, तेही कॅल्क्युलेटरशिवाय.

मागे काय उरलं?

त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी गेला. नातू चांगदेव याने पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. 1207 च्या त्या शिलालेखात शेवटी जुनी मराठीही आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो जगापुढे आणला.

आज फोन हा घात क्षणात काढतो, आणि मीही रोज तोच वापरतो. पण नियम असा का, हे मला वहीवरच कळलं. तुम्हीही एकदा करून बघा: 3 च्या पटीसाठी जोडी आहे 2 आणि 1. मॅट्रिक्स मांडा, वर्ग करा. 7 आणि 4 आले, की 49 − 48 करून बघा.