गांडुळांना पियानो ऐकवणारा माणूस

डार्विन म्हटलं की काय आठवतं? लांब पांढरी दाढी, गॅलापागोस बेटांवरचे फिंच पक्षी आणि माकडापासून माणूस होत गेल्याचं ते रांगेतलं चित्र. (ते चित्र डार्विनने काढलेलंच नाही, तो गेल्यावर ऐंशीएक वर्षांनी कुणीतरी काढलं.) परीक्षेला तेवढं पुरतंही. पण जगप्रवासाहून परतल्यावर हा माणूस पुन्हा कधी देशाबाहेर गेला नाही. त्यातली चाळीस वर्षं त्याने एकाच गावात, एकाच घरात काढली. तिथल्या अंगणात आणि आसपासच्या माळावर तो काय करत होता, ते फारसं कुणी सांगत नाही. मला तर तोच भाग जास्त भारी वाटतो.

चार्ल्स डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९चा, इंग्लंडमधल्या श्रूजबरीचा. वडील बडे डॉक्टर. आठ वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनी मेडिकलला घातलं, तर हा भूल न देता केलेली ऑपरेशन्स बघून तिथून पळाला. मग धर्मगुरू तरी होईल म्हणून केंब्रिजला पाठवलं, तिथे याला भुंगेरे गोळा करायचं वेड लागलं. एकदा दोन हातांत दोन भुंगेरे, तेवढ्यात तिसरा दिसला. तो सुटू नये म्हणून पठ्ठ्याने हातातला एक चक्क तोंडात टाकला! त्या किड्याने असा काही जळजळीत रस सोडला की तो थुंकावा लागला आणि तिसराही हातचा गेला. पुढे बीगल जहाजावरची पाच वर्षं. ती गोष्ट तुम्हाला माहीत आहे, म्हणून पुढे जाऊ.

परतल्यावर, १८३७मध्ये, तो मामाच्या गावी गेला. मामाने त्याला आपली कुरणं दाखवली. काही वर्षांपूर्वी त्या गवतावर चुना आणि कोळशाची जळकी खडी पसरली होती. आता वर काहीच दिसत नव्हतं. खणलं, तर काही इंच खाली त्याचा सरळ थर. वर मऊ काळी माती. मामाचा अंदाज होता, हे काम गांडुळांचं. ती खालची माती खातात आणि वर येऊन विष्ठा टाकतात. पावसाळ्यात मैदानावर शेवयांसारख्या मातीचे छोटे छोटे ढीग दिसतात ना, तेच. वर माती साचत जाते आणि जड वस्तू हळूहळू खाली जातात. अठ्ठावीस वर्षांच्या डार्विनला हे इतकं पटलं की त्याच वर्षी त्याने लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत त्यावर निबंध वाचला. ज्वालामुखी आणि भूकंप पाहून आलेला माणूस गांडुळांवर बोलत होता.

१८४२मध्ये तो बायको एमा आणि मुलांसह लंडनजवळच्या डाउन या खेड्यात राहायला गेला. तब्येत पार बिघडलेली. उलट्या, थकवा, छातीत धडधड. काय आजार होता, हे डॉक्टरांना आजही नक्की सांगता येत नाही. दिवसातले जेमतेम काही तास काम व्हायचं. दहा मुलांपैकी तीन लहानपणीच गेली. त्यातली दहा वर्षांची ॲनी १८५१मध्ये गेली, ते दुःख त्याने आयुष्यभर वागवलं. दूर जाता येत नव्हतं, म्हणून तो जवळचंच बघू लागला आणि मोजू लागला.

१८५७मध्ये त्याने तीन फूट बाय दोन फूट जमीन खणून साफ केली. म्हणजे साधारण एका दारापेक्षाही लहान तुकडा. त्यात आपोआप उगवणाऱ्या तणाच्या प्रत्येक रोपावर त्याने खूण केली. एकूण ३५७ रोपं आली. त्यातली २९५ मेली, बहुतेक गोगलगायींनी आणि किड्यांनी खाल्ली. जे आपल्याला नुसतं हिरवं, शांत दिसतं, तिथे एवढी मारामारी चालू होती.

सरे परगण्यातल्या एका माळरानावरची गोष्ट आणखी मजेदार. उघड्या माळावर पाईनचं झाड नावाला नाही आणि शेजारीच कुंपण घातलेल्या भागात पाईनच पाईन. माती तीच, पाऊस तोच. डार्विन खाली वाकला आणि गवत बाजूला करून बघू लागला. एका चौरस यार्डात त्याला पाईनची ३२ छोटी रोपं सापडली! एकाच्या बुंध्यात २६ वर्षांची २६ वलयं होती, पण गुरं दरवर्षी शेंडा खात असल्यामुळे त्याचं डोकं गवताच्या वर कधी आलंच नव्हतं. म्हणजे त्या माळावर काय उगवणार, हे मातीइतकंच गुरांच्या तोंडावर ठरत होतं.

आणि मांजरांचा किस्सा? लाल क्लोव्हर हे जनावरांच्या चाऱ्याचं पीक. त्याचं परागीभवन मुख्यतः केसाळ भुंगे करतात, कारण मधमाशीची जीभ त्याच्या मधापर्यंत सहसा पोहोचत नाही. डार्विनने शंभर फुलोरे उघडे ठेवले, त्यात २,७०० बिया धरल्या. आणखी शंभर झाकून ठेवले, तर एकही बी नाही. आता या भुंग्यांची घरटी शेतातले उंदीर उद्ध्वस्त करतात. उंदरांना मांजरं खातात. गावाजवळ मांजरं जास्त, म्हणून तिथे भुंग्यांची घरटीही जास्त, असं एका निरीक्षकाने नोंदवलं होतं. डार्विनने दोन्ही टोकं जोडली: गावात मांजरं किती, यावर शिवारात क्लोव्हर किती येणार हे ठरू शकतं. पुस्तकात आपण अन्नसाखळी बाणांनी काढतो, गवत–टोळ–बेडूक–साप. इथे मांजर गवत खात नाही, भुंग्याला ओळखतही नाही, तरी तिचा धागा त्या फुलापर्यंत पोहोचतो.

यातलं बहुतेक त्याने १८५९च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात लिहिलं, तेव्हा या अभ्यासाला नावसुद्धा नव्हतं. ‘इकॉलॉजी’ हा शब्द १८६६मध्ये एर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने घडवला, ‘घर’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. त्याच वर्षी हेकेल आपल्या या गुरूला भेटायला डाउनला आला होता.

गांडुळं मात्र डार्विनच्या डोक्यातून गेली नव्हती. २० डिसेंबर १८४२ला त्याने घराजवळच्या कुरणात खडूच्या दगडाचे तुकडे पसरून ठेवले होते. आणि थांबला. शेजारी एक दगडाळ शेत होतं. मुलं लहान असताना त्याच्या उतारावरून धावत आली की दगड खडखडायचे. हे दगड मातीखाली गेलेले बघायला आपण जगू का, याची त्याला शंकाच होती. मधल्या काळात बागकामाच्या एका साप्ताहिकात कुणी लिहिलंही की एवढासा दुबळा जीव असलं काम करणं शक्य नाही. डार्विनला हे नवीन नव्हतं. थोडं थोडं करून खूप होतं, हे लोकांना पटवण्यातच त्याचा जन्म गेला होता.

१८७१च्या नोव्हेंबरअखेर, म्हणजे एकोणतीस वर्षांनी, त्याने चर खणला. खडूची पांढरी रेघ सात इंच खाली सापडली. दगडाळ शेतावरून तोवर घोडा दौडत नेला तरी नाल एका दगडाला लागत नव्हती.

मग उतारवयात त्याने गांडुळं कुंड्यांत भरून घरात आणली. घरच्यांनी त्यांच्यासमोर शिट्टी फुंकली, बासून वाजवलं, पियानो वाजवला, ओरडूनही पाहिलं. ढिम्म! पण कुंडी पियानोवरच ठेवून पट्टी दाबली, की गांडूळ झटकन बिळात. ऐकू येत नाही, पण कंप कळतो. बिळात पानं ओढताना ती बहुतेक वेळा टोकाकडूनच धरतात, म्हणजे पान अडकत नाही, हेही त्याने पानं मोजून दाखवलं. १८७७मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, तो स्टोनहेंजला गेला, पडलेल्या शिळा गांडुळांमुळे किती खचल्यात ते बघायला. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानातल्या गांडुळांच्या विष्ठेचा मनोऱ्यासारखा ढीगसुद्धा त्याच्या पुस्तकात चित्रासकट आहे. हिशेब निघाला तो असा: इंग्लंडच्या बऱ्याच भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून जाते. आपल्याकडचा शेतकरी आज गांडूळखत घालतो आणि पुस्तकात आपण त्यांना शेतकऱ्याचे मित्र म्हणतो. तेव्हा इंग्लंडमधले अनेक माळी हिरवळ खराब करणारी कीड म्हणून त्यांना हाकलत होते.

गांडुळांवरचं पुस्तक ऑक्टोबर १८८१मध्ये आलं. त्याचं शेवटचं. हजारो प्रती भराभर खपल्या. १९ एप्रिल १८८२ला डार्विन गेला. गावच्या चर्चच्या आवारात, मुलांशेजारी त्याला पुरायचं घरच्यांनी ठरवलं होतं, गावातल्या सुताराने साधी पेटीही केली होती. पण लंडनच्या शास्त्रज्ञांनी हालचाली केल्या आणि आठवडाभराने त्याला वेस्टमिन्स्टर ॲबेत, न्यूटनपासून थोड्याच अंतरावर, दगडी फरशीखाली ठेवण्यात आलं.