बेगम बाजारची बेगम आणि महेश्वरच्या बाई



भांडी, मसाले, सुका मेवा घ्यायला आपण बेगम बाजारात नेहमीच जातो. पण ही बेगम कोण, ते घरातल्या मुलांना विचारून बघा. निजाम अली खान यांची पत्नी हुमदा बेगम. व्यापार वाढावा म्हणून तिनं ही जागा व्यापाऱ्यांना दिली, असं सांगतात. त्याच निजामाच्या काळात तिकडं नर्मदेकाठी महेश्वरला अहिल्याबाई होळकर दोन्ही हातांनी देत होत्या.

चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची ही लेक, जन्म १७२५ चा. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. बाई सती जायला निघाल्या, सासरे मल्हाररावांनी अडवलं आणि कारभारात घातलं. पुढं मल्हारराव गेले, मुलगा मालेरावही गेला. १७६७ पासून राज्य बाईंच्या अंगावर आलं. फौज तुकोजीरावांनी बघायची, कारभार बाईंनी.

काशीविश्वनाथाचं देऊळ त्यांनी १७८० मध्ये बांधलं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण आपल्या मराठवाड्यातलं वेरूळचं घृष्णेश्वर आणि परळीचं वैजनाथ? त्यांचाही जीर्णोद्धार बाईंचाच. परळीच्या रांगेत उभं राहून किती जणांना हे आठवतं!

देवळांइतकंच मोठं काम घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रांचं. आणि हा पैसा आला कुठून? होळकरांच्या घरात दौलतीचा पैसा वेगळा आणि राणीच्या हक्काची 'खासगी' वेगळी. बाईंचा दानधर्म मुख्यतः त्या खासगीतून झाला. फौजेचा, राज्याचा पैसा त्याला लावला नाही. महेश्वरला त्यांनी विणकर आणून वसवले, त्या हातमागावरची माहेश्वरी साडी आजही आपल्या घरात असते. नवरा गेलेल्या बाईची मिळकत तिच्याकडंच राहावी, तिला दत्तक घेता यावा, हेही त्यांनी बघितलं.

एवढं करून घरात मात्र त्यांचं चाललं नाही. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि एकुलती एक लेक मुक्ताबाई सती जायला निघाली. बाईंनी परोपरीनं विनवलं. सासऱ्यांच्या शब्दावर स्वतः मागं फिरलेल्या या आईला लेकीला मागं फिरवता आलं नाही. मुक्ताबाई गेली.

बाई मोडून गेल्या, तरी कारभार सोडला नाही. १३ ऑगस्ट १७९५ ला, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वरलाच त्यांनी देह ठेवला.