तळटीपेत सापडलेला नियम आणि २८ वर्षांनी मिळालेलं नोबेल: कोण होते मॅक्स बॉर्न?

मोबाइलवर हवामानाचं ॲप उघडलं की दिसतं, धुळ्यात उद्या पावसाची शक्यता ७० टक्के. ही टक्केवारी कशासाठी? तर ढग, वारा, आर्द्रता यांची पूर्ण माहिती आपल्याकडे नसते म्हणून. सगळी माहिती मिळाली असती तर पाऊस येणार की नाही हे ठामपणे सांगता आलं असतं, असं आपण धरून चालतो.

पण समजा कुणी म्हणालं, मिळण्यासारखी सगळी माहिती हातात आहे, तरीही टक्केवारीच सांगता येईल. कारण उत्तर अजून ठरलेलंच नाही. तर?

अणूच्या जगाबद्दल हे म्हणण्याचं धाडस १९२६ साली एका जर्मन प्राध्यापकाने केलं. त्यांचं नाव मॅक्स बॉर्न.

अनोळखी गणित ओळखणारा माणूस

बॉर्न यांचा जन्म ११ डिसेंबर १८८२ चा. गाव ब्रेस्लाऊ, जे आज पोलंडमध्ये आहे. घर ज्यू, वडील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक. बॉर्न लहान असतानाच आई गेली. पुढे गटिंगेन विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट केली आणि १९२१ मध्ये ते तिथेच प्राध्यापक झाले. त्यांच्या हाताखाली पाउली, हायझेनबर्ग, ओपेनहायमर अशी पोरं तयार झाली.

१९२५ मध्ये तरुण हायझेनबर्ग एक विचित्र गणित घेऊन त्यांच्याकडे आले. या गणितात गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तरही बदलायचं. बॉर्न यांच्या लक्षात आलं की हे तर मॅट्रिक्स. आपण कॉलेजात शिकलेलं बीजगणित. मग बॉर्न, हायझेनबर्ग आणि पास्कुआल योर्डान या तिघांनी मिळून क्वांटम मेकॅनिक्सची पहिली पूर्ण मांडणी केली.

लाट नेमकी कशाची?

१९२६ च्या सुरुवातीला श्रोडिंगर यांनी वेगळाच रस्ता काढला. त्यांच्या समीकरणात इलेक्ट्रॉन म्हणजे पसरत जाणारी लाट होती. गणित सुंदर होतं, पण एक अडचण होती. पडद्यावर इलेक्ट्रॉन कधीच पसरलेला दिसत नाही. दिसतो तो एकच ठिपका, एकाच जागी.

मग लाट कशाची? अणूवर आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनचा अभ्यास करताना बॉर्न यांनी उत्तर दिलं: ही लाट शक्यतेची आहे. लाट जिथे जोरात, तिथे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता जास्त. लेखात त्यांनी आधी लाटेच्या उंचीलाच शक्यतेशी जोडलं होतं. छपाईआधी मुद्रितं तपासताना त्यांनी तळटीप घातली, की उंची नाही, उंचीचा वर्ग घ्यायला हवा. कारणही साधं आहे. लाट शून्याच्या खाली जाऊ शकते, शक्यता नाही.

आज जगभर हा नियम ‘बॉर्न रूल’ म्हणून शिकवला जातो.

इथेच प्रश्न अडकला

श्रोडिंगर यांचं समीकरण सांगतं की लाट शांतपणे, नियमाप्रमाणे पसरत राहते. मोजमाप केलं की मात्र अनेक शक्यतांपैकी एकच खरी ठरते. ती कितपत संभवते हे बॉर्न यांचा नियम सांगतो. पण नेमकी तीच का, आणि कोणत्या क्षणी ठरली, हे सांगत नाही. मोजणारं यंत्रही अणूंचंच बनलेलं असतं. मग ते लाटेच्या नियमाने का वागत नाही?

यालाच मोजमापाचा प्रश्न म्हणतात. १९३५ मध्ये श्रोडिंगर यांनी पेटीतलं, जिवंतही आणि मेलेलंही असं मांजर मांडलं, ते हाच घोळ दाखवण्यासाठी.

बॉर्न यांचे जिवलग मित्र आईनस्टाईन यांना तर हा शक्यतेचा कारभार कधीच पटला नाही. देव फासे टाकत नाही, हे त्यांचं गाजलेलं मत डिसेंबर १९२६ च्या एका पत्रात आहे. ते पत्र बॉर्न यांनाच लिहिलेलं होतं. दोघं जवळपास ३० वर्षं पत्रांतून वाद घालत राहिले. मैत्री टिकली, मतभेदही टिकले.

नोकरी गेली, देश सुटला

एप्रिल १९३३. नाझी सरकारच्या नव्या कायद्याने ज्यू प्राध्यापकांना पदावरून दूर करायला सुरुवात केली. त्यात बॉर्नही होते. कुटुंबासह त्यांनी जर्मनी सोडली. त्याच वर्षाच्या शेवटी हायझेनबर्ग यांना १९३२ चं नोबेल जाहीर झालं, एकट्यालाच. तिघांनी मिळून केलेल्या कामाचं बक्षीस आपल्याला एकट्याला मिळतंय, याची खंत हायझेनबर्ग यांनी बॉर्न यांना पत्रातून कळवली.

केंब्रिजमध्ये तात्पुरती नोकरी होती. अशा वेळी सी. व्ही. रामन यांनी त्यांना भारतात बोलावलं. १९३५-३६ च्या हिवाळ्यात बॉर्न सुमारे सहा महिने बेंगळुरूला राहिले, जमशेटजी टाटांच्या दानातून उभ्या राहिलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये.

रामन यांना त्यांना कायमचं ठेवून घ्यायचं होतं. पण बैठकीत एका इंग्रज प्राध्यापकाने विरोध केला. स्वतःच्या देशाने हाकललेला दुय्यम दर्जाचा परदेशी माणूस आपल्याला नको, असा त्याचा सूर होता. बॉर्न तिथेच बसलेले होते. घरी आल्यावर पत्नीसमोर त्यांना रडू आवरलं नाही. नेमणूक झालीच नाही. ज्याच्या नियमाशिवाय क्वांटम मेकॅनिक्सचं एक पानही पुढे सरकत नाही, तो माणूस भारताच्या हातून असा निसटला.

१९३६ मध्ये एडिनबरा विद्यापीठाने त्यांना पद दिलं आणि निवृत्तीपर्यंत ते तिथेच राहिले. महायुद्धात अणुबॉम्बच्या कामापासून ते दूर राहिले. १९५५ मध्ये अण्वस्त्रांविरुद्धच्या रसेल-आईनस्टाईन जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली.

शेवटी नोबेल

१९५४ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी त्यांना नोबेल जाहीर झालं. कारण होतं १९२६ चं तेच शक्यतेचं काम. उशिरा का होईना, ते मिळालं म्हणून आईनस्टाईन यांनी आवर्जून अभिनंदन केलं. पटलं मात्र नाही ते नाहीच.

५ जानेवारी १९७० रोजी गटिंगेनमध्ये बॉर्न यांचं निधन झालं. तिथल्या त्यांच्या समाधीवर एक सूत्र कोरलंय, पण ते शक्यतेचं नाही. गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, हे सांगणारं १९२५ चं सूत्र आहे.

शक्यतेचा नियम धुळे-जळगावात बीएस्सी फिजिक्स करणारी मुलंही शिकतात. तो प्रयोगांमध्ये पुन्हा पुन्हा तपासला गेला आणि दर वेळी बरोबर निघाला. पण अनेक शक्यतांमधून एकच कशी खरी ठरते, यावर शास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही.