रायगडची समाधी आणि लोकमान्य

जुन्नरच्या शिवनेरी किल्ल्यावर जन्मलेल्या शिवछत्रपतींनी १६८० साली रायगडावर देह ठेवला. पुढे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी रायगड भाजून काढला. वाडे जळाले आणि राजधानीचा गड ओस पडला. १८८३ मध्ये डग्लस नावाच्या इंग्रज लेखकाने आपल्या पुस्तकात महाराजांच्या समाधीची दुर्दशा वर्णिली. फरसबंदीतून झाडे उगवली होती, आणि तिकडे कोणी फिरकत नव्हते. परक्याला जे दिसले ते आपल्या लोकांना दिसू नये, याची अनेकांना लाज वाटली. १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सभा भरली. सरकारने समाधीच्या देखभालीसाठी वर्षाला पाच रुपये मंजूर केले! तेवढ्यात गडावरचे गवतही कापून झाले नसते.

हे काम पुढे बाळ गंगाधर टिळक यांनी हाती घेतले. टिळकांचा जन्म १८५६ साली रत्नागिरीस झाला. गणितात त्यांची बुद्धी विशेष चाले. सरकारी नोकरीचा मोह टाळून त्यांनी मित्रांसह १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि पुढच्याच वर्षी 'केसरी' सुरू केला. १८९५ मध्ये त्यांनी 'केसरी'तून समाधीच्या जीर्णोद्धारासाठी हाक दिली. ३० मे रोजी हिराबागेत मोठी सभा होऊन फंड उघडण्यात आला. संस्थानिकांनी रकमा दिल्या, तसेच शाळकरी मुलांनीही आपले आणे पाठविले.

परंतु केवळ पैशाने गड जागता राहत नाही, हे टिळक ओळखून होते. लोकांची पावले तेथे वळली पाहिजेत, म्हणून रायगडावरच उत्सव करावयाचे ठरले. गड तर जंगलखात्याच्या ताब्यात! आपल्याच राजाच्या समाधीपाशी जाण्यासाठी परवानगी मागावी लागली. टिळक स्वतः महाबळेश्वरास गेले, वरिष्ठांना भेटले आणि परवानगी मिळवूनच परतले. एप्रिल १८९६ मध्ये पाचाडची अवघड चढण चढून माणसे गडावर लोटली. कितीएक वर्षे निःशब्द असलेल्या त्या माथ्यावर पुन्हा जयघोष झाला.

या उत्सवांची किंमतही टिळकांना मोजावी लागली. १८९७ मध्ये पुण्यातील शिवराज्याभिषेकाच्या उत्सवानंतर 'केसरी'त आलेल्या मजकुरावरून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला व दीड वर्षाची सक्तमजुरी मिळाली. सुटून आल्यावर १९०० साली ते पुन्हा रायगडच्या उत्सवास गेले! १९०८ पासून सहा वर्षे मंडालेच्या तुरुंगात काढून परतल्यावरही त्यांचे हे वेड गेले नाही. १९१६ मध्ये त्यांनी जेधे शकावली उजेडात आणली. तीत महाराजांच्या जन्माची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंदलेली होती. म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३०.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य निवर्तले. समाधीचा जीर्णोद्धार त्यानंतर काही वर्षांनी पुरा झाला. तो त्यांना पाहता आला नाही. शकावलीतील जन्मतिथीवर विद्वानांचा वाद दीर्घकाळ चालला. अखेर महाराष्ट्र सरकारने १९ फेब्रुवारी ही तारीख मान्य केली. आता त्या दिवशी जुन्नर-आंबेगावच्या खेड्यापाड्यांतून माणसे पहाटेच निघतात आणि शिवनेरीचे सात दरवाजे ओलांडून जन्मस्थानापाशी पोहोचतात. तेथे पेटविलेली ज्योत हाती घेऊन तरुण पोरे धावत आपापल्या गावी परततात.