पलुसकरबुवांची नादोपासना

भाविकहो, कुरुंदवाडास कीर्तनकार दिगंबरबुवांच्या घरीं १८ ऑगस्ट १८७२ रोजीं विष्णु जन्मला. वडिलांच्या कीर्तनांत स्वर कानीं पडला. पण पोरवयांत फटाका तोंडाशीं फुटला, दृष्टि अधू झाली, शाळा सुटली. मग मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे पाय धरले. वर्षानुवर्षें स्वर घोटला. तिथें एका समारंभास शिष्याला बोलावणें, गुरूला नाहीं. कां, तर ते गवई! हें जिव्हारीं लागलें. १८९६ सालीं मिरज सोडली, १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें आणि गवयास मान मिळवून दिला. पुढें नाशकास रामनामांत रंगले. १९३१ सालीं देह ठेवला.

बाबांनो, डोळ्यांचें उणें झालें, तें कानांनीं भरून काढलें. आपल्याला तर दोन्ही धड आहेत. मग नाम घ्यायला आळस कां?