पंडित भातखंडे

मुंबईतील वाळकेश्वर येथे १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म झाला. महाविद्यालयात शिकत असतानाच वल्लभदास दामुलजी यांच्याकडे त्यांनी सतारीचे धडे घेतले. १८८४ साली ते ‘गायन उत्तेजक मंडळी’ या पारशी गृहस्थांनी चालविलेल्या संस्थेचे सभासद झाले. तेथे रावजीबुवा बेलबागकरांकडून त्यांना धृपदे मिळाली, तर अली हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल. १८८७ साली ते वकील झाले.

हात बसला, चिजा पाठ झाल्या. परंतु मनाचे समाधान होईना. भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. दोहोंत सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर. सतारीचे पडदेही तेच. मग हे राग निराळे कसे? भूपात गंधार प्रमुख आणि देशकारात धैवत, हे आज संगीतशाळेतला लहान मुलगाही सांगतो. त्या काळी मात्र घराण्यात तसे चालत आले आहे, यापलीकडे उत्तर सहसा मिळत नसे. त्यात सर्वस्वी उस्तादांचा दोष नव्हता. त्यांची विद्या मुखोद्गत होती आणि तीच त्यांची उपजीविकाही होती.

शास्त्र शिकवील असा गुरू मिळेना, तेव्हा भातखंड्यांनी संस्कृत ग्रंथ स्वतःच वाचावयास घेतले. शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ तेराव्या शतकात देवगिरीस, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याला लागून असलेल्या मुलुखात, यादवांच्या आश्रयाने रचला गेला होता. पण ग्रंथातील शुद्ध स्वर आणि गवयाच्या गळ्यातील शुद्ध स्वर यांचा मेळ बसेना. रागांची नावे तीच, रूपे मात्र निराळी! पंडितांना गाता येत नव्हते आणि गवयांना ग्रंथ वाचता येत नव्हते.

१९०० साली त्यांची पत्नी निवर्तली. १९०३ साली एकुलती मुलगीही गेली. घर रिते झाले. दुसरा कोणी अशा आघाताने खचून बसला असता. भातखंडे १९०४ साली दक्षिणेच्या प्रवासास निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा असे करीत ते एट्टयपुरम् या लहानशा संस्थानात पोहोचले. तेथे वृद्ध सुब्बराम दीक्षितर यांच्याकडून त्यांना व्यंकटमखीचा ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ हा सतराव्या शतकातील ग्रंथ मिळाला. सप्तकातील स्वरस्थानांतून सात-सात स्वर निवडून बहात्तर मेळ कसे सिद्ध होतात, हे त्यात दाखविले होते. मेळ हा जनक, राग हे त्याचे जन्य. इतकी वर्षे शोधीत असलेली किल्ली हाती आली.

मात्र बहात्तर मेळ जसेच्या तसे उत्तरेवर लादण्याचा मोह त्यांनी टाळला. कलकत्ता, काशी, लखनौ असे हिंडून त्यांनी गवयांचे प्रत्यक्ष गाणे ऐकले. जयपूरचे महंमद अली खाँ यांच्याकडील कित्येक दुर्मिळ चिजा त्यांनी स्वरलिपीत उतरवून घेतल्या. मग उत्तरेतील रागांसाठी त्यांनी कल्याण, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी असे दहाच थाट ठरविले. काही राग त्यांत नीट बसत नाहीत, असा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला, आणि तो अगदी निराधार नाही. उस्तादांच्या ज्ञानाविषयीही त्यांचे मत कधी कधी फार कठोर असे.

‘चतुर पंडित’ या नावाने त्यांनी संस्कृतात ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ लिहिले. १९१० पासून ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादरूपाने, प्रसिद्ध होऊ लागला. त्याचा चौथा भाग १९३२ साली निघाला. शिष्याच्या तोंडी घातलेल्या शंका वाचताना जुना सतारीचा विद्यार्थीच बोलत असल्याचा भास होतो. वकिली तर त्यांनी केव्हाच सोडली होती. १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास संगीत परिषद भरली, तिच्यामागे त्यांचेच श्रम होते. १९२६ साली लखनौस संगीत महाविद्यालय निघाले. पुढे त्यास त्यांचेच नाव मिळाले.

१९३३ साली पक्षाघाताने त्यांना अंथरुणास खिळविले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, ते निवर्तले. चिजांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’चे शेवटचे भाग त्यानंतर छापून बाहेर पडले.