हजरत फातिमा (रजि.) यांचा संसार

आपल्या मुलामुलींना विवाहाची पहिली ओळख आज घरातील वडीलधाऱ्यांकडून होत नाही. ती चित्रपटांतून, मालिकांतून आणि हातातल्या मोबाइलवरून होते. तिथली कथा लग्नापाशी येऊन संपते. राजपुत्राला राजकन्या मिळते, पडदा पडतो, आणि दुसऱ्या दिवशी पाणी कोणी भरले, पीठ कोणी दळले, हे कोणी विचारत नाही. आपणही काहीसे असेच करतो. पैगंबर (स.) यांच्या लाडक्या कन्येच्या निकाहाची हकीकत आपण मोठ्या श्रद्धेने ऐकतो आणि ऐकवतो, पण निकाहानंतर त्यांनी जो सुमारे नऊ वर्षांचा संसार केला, त्याविषयी आपल्या महफिलींत फारसे बोलले जात नाही.

हजरत फातिमा (रजि.) यांचे बालपण मक्केत गेले आणि ते सुखाचे नव्हते. पिता सजद्यात असताना कुरैशच्या टवाळांनी त्यांच्या पाठीवर उंटाची आतडी आणून टाकली, तेव्हा धावत येऊन ती घाण दूर करणारी हीच मुलगी होती. अबू तालिब यांच्या घाटीतील बहिष्काराची उपासमार त्यांनी सोसली, आणि हिजरतीच्या सुमारे तीन वर्षे आधी आई, हजरत खदीजा (रजि.), यांचे छत्रही हरपले.

हिजरी सन २ मध्ये, बद्रच्या युद्धानंतर, मदीनेत हजरत अली (रजि.) यांच्याशी त्यांचा निकाह झाला. अलींजवळ महर देण्यासारखे काही नव्हते. होते ते एक चिलखत. तेच महर ठरले. वलीम्यासाठी त्यांनी एक बेत आखला होता. त्यांच्याकडे दोन उंटिणी होत्या. त्यांवरून इज्खिर नावाचे सुगंधी गवत आणून ते सोनारांना विकायचे आणि आलेल्या पैशांत जेवण घालायचे. पण ऐन वेळी त्या उंटिणीच हातच्या गेल्या (ही हकीकत बुखारी शरीफमध्ये विस्ताराने आली आहे). अखेर एका सहाबींनी मेंढा दिला, अन्सारांनी धान्य गोळा केले आणि वलीमा पार पडला.

नव्या घरात आले काय? एक जाड कापड, पाण्याची मशक, गवत भरलेली चामड्याची उशी, जाते आणि मातीची भांडी. आपल्याकडे काही मंडळी या सामानाचा दाखला देऊन जहेजचे समर्थन करतात. हे सामान अलींच्या चिलखताच्या पैशांतून आले, असे सीरतच्या ग्रंथांत येते. तेवढा भाग सांगायचा मात्र त्यांच्याकडून नेमका राहून जातो.

आता त्या घरातला दिवस पाहा. अली बाहेर मजुरी करीत. एकदा तर त्यांनी एका बादलीमागे एक खजूर या बोलीवर विहिरीचे पाणी उपसले. घरात फातिमा जाते ओढीत, त्याने हातांना घट्टे पडले. मशक वाहून मानेवर वळ उमटले. झाडलोट करता करता कपडे धुळीने माखत. दोन्ही लोकांच्या सरदाराची ही कन्या होती, हे विसरू नका.

याच दिवसांत कधीतरी पतिपत्नींमध्ये वाद झाला. होय, त्या घरातही झाला. पैगंबर (स.) लेकीकडे आले, तर जावई घरात नव्हते. त्यांनी चौकशी केली, तीही नवऱ्याच्या नात्याने नव्हे, चुलत घराण्यातील आप्त म्हणून अलींचा उल्लेख करून. जणू रक्ताच्या नात्याची आठवण द्यावी तशी. फातिमांनी लपवाछपवी केली नाही. आमच्यात काही बिनसले, ते रागावून निघून गेले आणि दुपारची वामकुक्षीही घरी घेतली नाही, एवढेच सांगितले. भांडणाचे कारण रिवायतीत आलेले नाही. वडिलांनी ते विचारल्याचाही उल्लेख नाही. त्यांनी एका माणसाला शोधायला धाडले आणि अली मस्जिदीत निजले आहेत असे कळताच स्वतः तिथे गेले. कुशीवरून चादर घसरली होती, अंगाला माती लागली होती. पैगंबर (स.) आपल्या हाताने ती माती झाडू लागले आणि त्यांना अबू तुराब, म्हणजे मातीवाला, अशी लाडाची हाक मारून त्यांनी उठवले. हे नाव अलींना पुढे आयुष्यभर सर्वांत प्रिय राहिले.

निकाह पढवणाऱ्या आम्हा इमामांकडे काही महिन्यांनी तीच जोडपी परत येतात. गुन्हा कोणाचाच नसतो. तो पूर्वीसारखा बोलत नाही, ती पूर्वीसारखी हसत नाही, एवढीच तक्रार असते. मग दोन्हीकडची आठ-दहा माणसे बसतात, कोण काय म्हणाले याची उजळणी होते आणि कपड्यावरची माती झाडायची सोडून ती मोजली जाते.

हाताचे घट्टे वाढले तेव्हा, काही युद्धकैदी मदीनेत आल्याचे ऐकून, फातिमा एखादा सेवक मागायला वडिलांकडे गेल्या. भेट झाली नाही, हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडे निरोप ठेवून त्या परतल्या. रात्री पैगंबर (स.) स्वतः आले. दोघे अंथरुणावर पडले होते. उठू लागले तर त्यांना तसेच राहू दिले आणि ते दोघांच्या मध्ये बसले. सुफ्फाच्या चबुतऱ्यावरचे लोक भुकेले असताना लेकीला सेवक देणे त्यांना मान्य नव्हते. त्याऐवजी निजताना ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणण्यास त्यांनी शिकवले. एकट्या लेकीला नव्हे, दोघांना. जाते तिथेच राहिले, काम तेवढेच राहिले.

पुढे एक अधिक कठीण प्रसंग आला. अबू जहलच्या मुलीशी अलींच्या विवाहाची बोलणी निघाली. फातिमांना दुःख झाले आणि ते त्यांनी वडिलांना सांगितले. पैगंबर (स.) यांनी मिंबरवरून आपली नाराजी स्पष्ट केली, आणि अलींनी तो विचार सोडून दिला. फातिमा हयात असेपर्यंत त्यांनी दुसरा निकाह केला नाही. या संसारात हसन, हुसैन, जैनब आणि उम्मे कुलसूम (रजि.) ही मुले वाढली.

हिजरी ११ मध्ये पैगंबर (स.) गेले. त्यानंतर सहा महिन्यांनी फातिमाही गेल्या. अलींनी त्यांना रात्रीच्या वेळी दफन केले.

झोपण्यापूर्वीची ती तस्बीह अलींनी कधी सोडली नाही. एकदा कोणी विचारले, सिफ्फीनच्या रात्रीही नाही? त्या रात्रीही नाही, असे त्यांचे उत्तर होते. सिफ्फीन घडले हिजरी ३७ मध्ये. फातिमांना जाऊन तेव्हा सव्वीस वर्षे झाली होती.